कोंबडीचे औषध आणि माणसाचे आरोग्य

अंडी व कोंबडीचे मांस हे आज अनेक कुटुंबांच्या आहाराचे अंग बनले आहे. हजारो पक्षी एका छपराखाली पाळण्याच्या आधुनिक पद्धतीमुळे हे साधले. परंतु जेथे दाटी, तेथे रोगाचा फैलावही लवकर होतो. म्हणून आजारी पक्ष्यांबरोबर निरोगी पक्ष्यांनाही खाद्यातून वा पाण्यातून प्रतिजैविक औषधे देण्याचा प्रघात पडला. अल्प मात्रेने पक्ष्यांचे वजन लवकर वाढते, हा लोभही त्यामागे होताच.

अशा सततच्या अल्प मात्रेने दुबळे जंतू मरतात आणि जे तग धरतात त्यांचाच वंश वाढतो. शिवाय औषधाला दाद न देण्याचा गुण एका जातीच्या जंतूंकडून दुसऱ्या जातीच्या जंतूंकडेही जाऊ शकतो.

हे जंतू कोंबड्यांपुरतेच राहतात काय? अमेरिकेत बॉस्टनजवळच्या एका शेतावर डॉ. स्टुअर्ट लेव्ही यांनी याचा शोध घेतला. खाद्यात टेट्रासायक्लिन मिसळल्यावर आठवडाभरातच कोंबड्यांच्या आतड्यांत त्या औषधाला न जुमानणारे जंतू माजले. पाच-सहा महिन्यांत शेतावरील माणसांच्या मलाच्या ३१.३ टक्के नमुन्यांत अशाच जंतूंचे प्राबल्य दिसले. शेजाऱ्यांच्या बाबतीत हे प्रमाण अवघे ६.८ टक्के होते. हे निष्कर्ष १९७६ साली प्रसिद्ध झाले.

आपल्याकडेही हा प्रश्न दूरचा नाही. पंजाबातील १८ कुक्कुटशाळांची पाहणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. तीत अनेक औषधांना न जुमानणारे जंतू आढळले. कोलिस्टिन हे इतर औषधे निष्फळ ठरल्यावर रुग्णाचा अखेरचा आधार असते. त्याचा खाद्यजन्य पशुपक्ष्यांसाठी वापर भारत सरकारने २०१९ साली बंद केला.

या संकटाची पहिली झळ लागते ती खुराडी झाडणाऱ्या, विष्ठा उपसणाऱ्या व पक्षी हाताळणाऱ्या मजुराला. असे जंतू अंगी असूनही तो धडधाकट दिसतो. मात्र पुढे जखम चिघळली किंवा मूत्रमार्गाचा दाह झाला, तर नेहमीचे औषध लागू पडत नाही. हातांवरून आणि कपड्यांवरून तेच जंतू त्याच्या घरातही शिरू शकतात.

यास्तव मजुरांसाठी साबण, पाणी, हातमोजे, बूट व नाकावर बांधण्यास पट्टी यांची सोय करणे हे मालकाचे कर्तव्य होय. पक्ष्यांना पुरेशी जागा, खेळती हवा व वेळेवर लस मिळाली, तर औषधांची गरजच कमी पडते. आणि औषध द्यावयाचे ते पशुवैद्याच्या सल्ल्यानेच. मजुरांनी छपराखाली खाणेपिणे टाळावे, घरी जाण्यापूर्वी हातपाय धुऊन कपडे बदलावेत आणि आजारपणी आपला व्यवसाय डॉक्टरांना अवश्य सांगावा.

गृहिणींनीही मांस पूर्ण शिजवावे आणि कच्च्या मांसाला लागलेली सुरी, पाट व हात धुतल्याखेरीज कोशिंबिरीला हात लावू नये. औषधांचा गुण टिकविणे हे मालक, मजूर व गृहिणी या सर्वांचेच काम आहे.