मदत मागायला उशीर नको

ताप तीन दिवसांत उतरला नाही की आपण दवाखाना गाठतो. पण महिनोन्‌महिने झोप लागत नाही, कशातच मन रमत नाही, जगणं नकोसं वाटतं, तरी ‘होईल ठीक’ म्हणत दिवस ढकलतो. म्हणूनच हा अंक मानसिक आरोग्यासाठी तज्ज्ञांची मदत घेण्याविषयी आहे.

मनोविकारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात, ते औषधं देतात. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक संवादातून उपचार करतात. अनेकांना दोन्हींची गरज पडते. बरं वाटलं म्हणून औषधं परस्पर बंद करू नयेत.

२०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार आणि गोपनीयता हे रुग्णाचे हक्क मानले. मानसिक आजारांनाही शारीरिक आजारांप्रमाणेच विमा संरक्षण देणं कंपन्यांवर बंधनकारक केलं. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीत शासकीय मनोरुग्णालयं आहेत. ऑक्टोबर २०२२पासून ‘टेलि-मानस’ या शासकीय मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतूनही, विनामूल्य बोलता येतं.

घरातलं कुणी खचलं असेल, तर त्याला ‘मन खंबीर कर’ असं सुनावू नका. त्याचं ऐकून घ्या, डॉक्टरांची वेळ ठरवा आणि सोबत जा. स्वतःला गरज असेल, तर आजच फोन करा.

— संपादक