कापूस पाणी पेत नाही

रोहणा हे वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यातील गाव. कापूस येथे केवळ शेतात नसतो; तो घराच्या कर्जात आणि लग्नाच्या तारखांतही असतो. अशा गावातील पहिली-दुसरीच्या मुलांपुढे पाण्याच्या दोन वाट्या ठेवाव्यात. एकीत बोंडातून काढून सरकी वेगळी केलेला कापूस सोडावा, दुसरीत औषधाच्या दुकानातला. पहिला तरंगत राहतो, दुसरा भिजून खाली जातो. कच्च्या कापसाच्या तंतूंवर मेणाचा पातळ थर असतो. औषधी कापूस क्षारयुक्त पाण्यात उकळून तो थर काढून टाकलेला असतो. हे कारण मुलांना त्याच दिवशी सांगण्याची घाई करू नये, असे आमचे मत आहे, आणि ते मराठीचे अध्यापक म्हणून आहे.

या वयाचे मूल जे पाहते त्यासाठी आधी स्वतःचे वाक्य शोधते. ‘हा कापूस पानीच पेत नाही,’ असे एखादे म्हणेल. या वाक्यात निरीक्षण आहे, ‘पिणारा’ दुसरा कापूस गृहीत असल्याने तुलना आहे, आणि ‘का?’ हा प्रश्नही त्यात दडलेला आहे. आपली रूढ रीत अशी की ते वाक्य पुसून फळ्यावर लिहायचे : ‘कच्चा कापूस पाण्याचे शोषण करत नाही.’ (कापूस पिकवणाऱ्या घरात ‘शोषण’ हा शब्द कोणत्या अर्थाने पोचलेला असतो, हे साहित्याच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.) परिभाषेला आमचा विरोध नाही. तिच्यावाचून विज्ञान पुढे सरकत नाही, हा आक्षेप रास्तच आहे. प्रश्न क्रमाचा आहे. मुलाचे वाक्य होण्याआधीच संज्ञा आली, तर हाताने केलेला प्रयोगही पाठांतराचा विषय होतो. ‘यावरून असे सिद्ध होते की’ ही शब्दावली आपण मुलांकडून इतक्या लवकर घोटून घेतो, की काही सिद्ध झाले की नाही याची चौकशी कोणी करत नाही.

याच जिल्ह्यात हा प्रश्न पूर्वी येऊन गेलेला आहे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. तीतून झाकिर हुसेन समिती आणि पुढे नई तालीम उभी राहिली. हस्तोद्योगातून शिक्षण हे तिचे सूत्र, आणि अभ्यासक्रमात सामान्य विज्ञानही होते. सैल पेळू हलकेच ओढला तरी तुटतो, आणि टकळीवर पीळ दिलेला त्याच कापसाचा धागा ताण सहन करतो. लहान मुलाला पडावा असा याहून चांगला प्रश्न शोधून सापडणार नाही. चर्चा मात्र बहुधा सूत किती निघाले आणि त्यातून शाळेचा खर्च भागेल का, याभोवतीच फिरली. सूत काढताना मूल काय म्हणाले, याची नोंद ठेवणे कोणाला महत्त्वाचे वाटले असावे, असे दिसत नाही.

२०२१ साली निपुण भारत अभियान सुरू झाल्यापासून तिसरीपर्यंतच्या वाचन-लेखनावर भर आहे. योग्यच आहे. पण वाचन-लेखनासाठी प्रयोगाचा तास बाजूला सारायचा, ही वाटणी आम्हाला अनाकलनीय वाटते. मुलाने लिहायचे ते कशाविषयी? वाट्यांतल्या त्या दोन कापसांविषयी ते आपणहून चार वाक्ये बोलेल. तीच त्याने लिहावीत, तीच वर्गाने वाचावीत. एकाच शिक्षकाकडे दोन इयत्ता असतात, ही अडचण खरी आहे. पण या प्रयोगाला दोन वाट्या लागतात, प्रयोगशाळा नव्हे.

आमच्या विभागांतून वऱ्हाडी बोलीवर प्रकल्प होतात. त्यांची सामग्री म्हणी, ओव्या आणि म्हाताऱ्यांच्या मुलाखती यांतून येते. एम.ए.च्या विद्यार्थ्यांनी एक वेचणीचा हंगाम प्राथमिक शाळेच्या वर्गात मागच्या बाकावर बसावे, आणि मुले जे बोलतील ते जसेच्या तसे, ‘पेत’चे ‘पीत’ न करता, उतरवून घ्यावे.