जंतूंची देवघेव आणि आपली बेफिकिरी

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी २०२० च्या जूनमध्ये एकाएकी गुलाबी झाले, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने तोंडात बोट घातले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने प्रकरणात लक्ष घातले, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले, आणि कारण निघाले ते असे की, पाणी आटून खारेपणा वाढला व त्यात गुलाबी रंगाचे लवणप्रेमी सूक्ष्मजीव माजले. पुढे रंग ओसरला आणि लोकांचे कुतूहलही ओसरले. या सूक्ष्मजीवांपासून घ्यावयाचा धडा मात्र तसाच राहिला.

तो धडा असा. या लवणप्रेमी जीवांच्या पूर्वजांनी शेकडो जनुके परक्या कुळातील जीवाणूंकडून उचललेली आहेत. ती एकदम आली की हळूहळू, याविषयी तज्ज्ञांत वाद आहे. पण ती आली यात शंका नाही. मनुष्याला वारसा मिळतो तो आईबापांकडून. जीवाणूला तो शेजाऱ्याकडूनही मिळतो, मेलेल्या परक्याकडूनही मिळतो! १९२८ साली ग्रिफिथने मेलेले घातक जंतू व जिवंत निरुपद्रवी जंतू एकत्र करून उंदरांना टोचले, तेव्हा निरुपद्रवी जंतू घातक बनले. ही करामत डीएनएची, असे १९४४ साली एव्हरी व त्याच्या सहकाऱ्यांनी दाखविले. दोन जिवंत जीवाणू एकमेकांस चिकटून जनुके देतात हे १९४६ साली लेडरबर्ग आणि टेटम यांनी सिद्ध केले. आणि जीवाणूंवर पोसणारे विषाणूही ही ने-आण करतात हे १९५२ साली उघड झाले. जात, कूळ, सोयरसंबंध यांचा कसलाही विधिनिषेध या व्यवहारात नाही.

हे केवळ प्रयोगशाळेतील कौतुक असते, तर अग्रलेखाचा विषय झाले नसते. जपानात १९५० नंतरच्या दशकात हगवणीचे असे जंतू आढळले, की जे एकाच वेळी चार औषधांना जुमानीत नव्हते. चारही औषधांवरचा हा प्रतिकार आतड्यातील सामान्य जंतूंकडून हगवणीच्या जंतूंकडे एकगठ्ठा जाऊ शकतो, हे तेथील संशोधकांनी १९५९ साली दाखवून दिले. म्हणजे ज्या जंतूने औषध कधी पाहिलेही नाही, त्यालाही औषधावर मात करण्याची विद्या आयती मिळते!

आपल्या देशाची गोष्ट याहून झोंबणारी आहे. नवी दिल्लीत उपचार घेतलेल्या एका रुग्णाच्या शरीरात स्वीडनमध्ये सापडलेल्या अशाच एका जनुकास नवी दिल्लीचे नाव मिळाले, आणि २०१० साली त्या नावावरून आपल्याकडे मोठे काहूर उठले. पुढल्याच वर्षी दिल्लीच्या नळाच्या ५० नमुन्यांपैकी दोहोंत व साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ नमुन्यांत तेच जनुक आढळल्याचे प्रसिद्ध झाले. नावाचा अपमान आपणांस सहन झाला नाही. पाण्याची अवस्था मात्र सहन झाली. हा स्वाभिमान की आत्मवंचना?

ही दिल्लीची बाब आहे, असे म्हणून खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर यांस स्वस्थ बसता येणार नाही. लोणार गावाचे सांडपाणी सरोवराकडे जाते हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला, तो सरोवराच्या रक्षणासाठी. त्याला दुसरीही बाजू आहे. औषधे खाल्लेल्या माणसांच्या आतड्यांतील जंतू आणि औषधांचे अवशेष जेथे एकत्र वाहतात, ते गटार म्हणजे जंतूंच्या देवघेवीचा भरलेला बाजारच होय. रामसर यादीत २०२० साली नाव लागले म्हणून हा बाजार उठत नाही.

कायदे नाहीत असे नव्हे. अनेक प्रबळ प्रतिजैविकांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवहीत नोंद ठेवण्याचे बंधन औषधविक्रेत्यांवर २०१४ पासून आहे. राष्ट्रीय कृतियोजना २०१७ साली झाली. अन्नासाठी पाळलेल्या पशुपक्ष्यांना कोलिस्टिन देण्यास २०१९ साली बंदी झाली. तरीही सर्दीपडशावर दोन गोळ्या मागावयाच्या, ताप उतरताच उरलेल्या फडताळात टाकावयाच्या आणि पुढे शेजाऱ्यास द्यावयाच्या, हा आपला शिरस्ता सुटत नाही. विषाणूंच्या सर्दीवर प्रतिजैविकाचा काडीमात्र उपयोग नाही, हे ठाऊक असलेली सुशिक्षित कुटुंबेही याला अपवाद नाहीत.

खेड्यातील रोगी दुकानदाराकडे जातो, कारण डॉक्टर दूर असतो व मजुरी बुडते, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे, आणि म्हणून केवळ दंडाची भाषा आम्ही करीत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर हजर हवा. कोणता जंतू कोणत्या औषधाला दाद देतो, याची तपासणी गरिबाला जिल्ह्यातच परवडावयास हवी. नगरपालिकांनी सांडपाणी शुद्ध केल्यावाचून सोडता कामा नये. आणि नोंदवह्या कागदावर आहेत की प्रत्यक्षात, हे शासनाने पाहावयास हवे. डॉक्टरांनीही रोग्याच्या आग्रहापुढे मान तुकविण्याचे सोडले पाहिजे.

जंतू आपसांत विद्या वाटून घेतात. त्यांना परिषदा, समित्या, अनुदाने लागत नाहीत. आपल्याजवळ ज्ञान आहे, कायदे आहेत, संस्था आहेत. उणीव आहे ती त्यांचा मेळ घालण्याची. क्षुल्लक जखमेने माणूस दगावण्याचे दिवस पुन्हा यावयाचे नसतील, तर हा मेळ आजच घालावा लागेल.