मालक आणि मुतालिक

बँकॉकची सहल आटोपून आमचा पुतण्या सपत्नीक दिवाळीला वर्ध्यास आला. भेटी वाटून झाल्या आणि बॅगेच्या तळातून एक लाकडी वस्तू घरंगळत थेट मातोश्रींच्या पुढ्यात आली. बोटाएवढी, गुळगुळीत, वर कसलीशी अक्षरे कोरलेली. आकार कसला होता, तो चाणाक्ष वाचकांनी ओळखला असेलच. आमची सौ. घाईघाईने चिवड्याच्या डब्याकडे वळली, सूनबाईने मान खाली घातली आणि पुतण्या कानापर्यंत लाल झाला.

मातोश्रींनी मात्र चष्मा पुसून ती वस्तू उलटसुलट पाहिली. "अरे, ही तर पिंडच की! त्यात लाजायचं काय बाप्पा?"

म्हातारी फारशी चुकली नव्हती. थायलंडात या ताइताला 'पलद खिक' म्हणतात. 'पलद' म्हणजे दुय्यम अधिकारी. आपल्या पेशवाईतला मुतालिक म्हणा ना! शिवलिंगाची पूजा भारतातून ख्मेर मुलखात गेली, तिच्यातूनच हा ताईत निघाला असे मानतात. पुरुष तो कपड्यांच्या आत कमरेला बांधतात. साप, इजा, वाईट नजर यांपासून तो राखतो, अशी श्रद्धा. दुकानात ठेवला तर गिऱ्हाईक वाढते म्हणे. आपण तरी पोराच्या कमरेला काळा करदोडा कशासाठी बांधतो?

रात्री गच्चीवर पुतण्या हळूच म्हणाला, "काका, मित्राने घ्यायला लावला. गुण येतो म्हणाला."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लग्नाला सहा वर्षे झाली, पाळणा हललेला नाही. सूनबाई तीन डॉक्टरांकडे जाऊन आली; सुया, औषधे, उपासतापास, सारे झाले.

"आणि तुझी तपासणी?"

"माझी कशाला? मला काय झालंय?"

मला हसू आले नाही. डिसेंबर १९३५ मध्ये याच वर्ध्यात मार्गारेट सँगरबाई संततिनियमनाचा पुरस्कार करीत गांधीजींना भेटल्या. बाई साधनांच्या बाजूच्या, गांधीजी संयमाच्या. एकमत झाले नाही. पण स्त्रीपुरुषसंबंधांवर दोघे मोकळेपणी बोलले. मुंबईत र. धों. कर्वे १९२७ पासून १९५३ पर्यंत, मरेतो 'समाजस्वास्थ्य' चालवीत होते. वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली, तरी दंड व्हायचा तो झालाच. आज असल्या उत्तरांसाठी कोणी कोर्टात ओढीत नाही. बोलण्याची बंदी उठली. लाज तेवढी उरली, आणि तिचा दंड भरते घरची सून.

मी पुतण्याला समजावले, "अरे, पौरुष वेगळे आणि शुक्रजंतूंची संख्या वेगळी. धडधाकट, संसारात काहीही उणे नसलेल्या माणसाचीही संख्या कमी असू शकते. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाकडचेही कारण असते. कधी वृषणाजवळच्या शिरा फुगलेल्या असतात, कधी तंबाखू नडते. काही कारणांवर इलाज आहेत. तपासणी तर बायकांच्या तपासण्यांपुढे अगदी सोपी. दोन ते सात दिवस संयम पाळायचा आणि नमुना द्यायचा. कमी आले तर पुन्हा एकदा पाहतात. तिने तीन दवाखाने पालथे घातले, तुला एक जड जातो?"

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आणि दोष माझ्यातच निघाला तर?"

"तर कळेल. आज तो न तपासताच तिच्या नावावर लिहिलेला आहे."

पाडव्याला ओवाळून झाल्यावर त्याने सर्वांदेखत सांगितले, "सोमवारी मी तपासून घेणार आहे." सूनबाईचे तबक हातातच राहिले. तिच्या डोळ्यांत पाणी आले, ते तिने लपविले नाही.

ताईत मातोश्रींनी देव्हाऱ्यात ठेवून दिला आहे. असू दे बापडा. पण पुतण्या निघताना मी त्याला बजावले, "मुतालिक कितीही हुशार असो, हिशेब द्यायला मालकानेच जायचे असते!"