नकाशावरची कोरी जागा

हरवलेल्या जगाच्या चित्रपटांना आमच्या वयाच्या मंडळींनी पोरखेळ म्हणावे, अशी एक रीत आहे. भा. रा. भागवतांच्या अनुवादांतून ज्यांना ज्यूल व्हर्न भेटला, त्या पिढीला तरी असे म्हणण्याचा अधिकार नाही, असे माझे मत आहे.

या कथांचे मूळ भूगोलात आहे. दक्षिण ध्रुवावर मनुष्याचे पाऊल पडले ते डिसेंबर १९११ मध्ये. पुढच्याच वर्षी सर आर्थर कॉनन डॉईल यांची ‘द लॉस्ट वर्ल्ड’ ही कादंबरी आली. नकाशावरच्या कोऱ्या जागा भराभर भरत असताना डॉईल यांनी दक्षिण अमेरिकेतील एक दुर्गम पठार राखून ठेवले आणि त्यावर डायनोसॉर जिवंत ठेवले. तशी उभ्या कड्यांची पठारे त्या खंडात खरोखरच आहेत. व्हेनेझुएला, ब्राझील व गयाना यांच्या सीमेवरील रोराइमा हे त्यांतले प्रसिद्ध. उंची सुमारे २,८०० मीटर. एव्हरार्ड इम थर्न १८८४ मध्येच त्याच्या माथ्यावर जाऊन आले होते. तेथे त्यांना खडक, पाणी आणि आगळ्या वनस्पती आढळल्या. प्राणी कादंबरीकाराने पुरवले.

१९२५ मध्ये या कादंबरीवर मूकपट निघाला. विलिस ओब्रायन यांनी लहान प्रतिकृती केसभर हलवायच्या, एक चौकट टिपायची, पुन्हा हलवायच्या, अशा चिकाटीने ते प्राणी चालवले. त्याआधी, १९२२ मध्ये, डॉईल यांनी न्यूयॉर्कमधील जादूगारांच्या मेळाव्यात यातील काही चित्रफीत दाखवली, पण ती कोठून आली हे सांगितलेच नाही. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रही संभ्रमात पडले.

त्याच ओब्रायन यांच्या हातून १९३३ चा ‘किंग काँग’ घडला. पडद्यावरचा तो महाकाय वानर प्रत्यक्षात जेमतेम दीड फुटी पुतळा होता. आत पोलादी सांगाडा, वर रबर आणि सशाचे कातडे. (हे कातड्याचे वाचून मन जरा खट्टू झाले.) माझी नजर मात्र त्यातील कार्ल डेनहॅम या चित्रपट-निर्मात्यावर खिळली. कर्जप्रकरणे तपासण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला असा इसम लगेच ओळखू येतो. जहाजावर स्फोटके असल्याचा सुगावा विमा कंपनीला लागतो, तेव्हा तपासणी अधिकारी येण्याआधीच हा बंदर सोडायला लावतो. बेटावर काँग बेशुद्ध होऊन पडताच आपण सारे लक्षाधीश झालो, असे सोबत्यांना सांगतो. तोपर्यंतचे भय, विस्मय, मेलेले खलाशी, सारे एका क्षणात जमेच्या बाजूला वळते.

पुढे न्यूयॉर्कच्या नाट्यगृहात काँगला साखळदंडांत उभे करतात. प्रेक्षक तिकिटे काढून आले आहेत, कुरकुरत आहेत, खुर्च्या शोधत आहेत. येथे मला अस्वस्थ वाटते. कारण आपणही तिकीट काढून त्याच प्राण्याला पाहायला बसलेलो असतो. पहिल्या अर्ध्या भागात आपल्याला ते बेट हवे असते: धुके, भिंत, पलीकडचे काही तरी. ते दिसले, की दिसलेले हाती यावे, असेही वाटू लागते. हे दोन्ही ओढे एकाच मनातले आहेत, आणि हे चित्रपट इतकी वर्षे टिकले ते त्यामुळेच, असे मला वाटते. नुसत्या राक्षसी प्राण्यांनी एक पिढी दिपली असती. दुसरी हसली असती.

माझ्या नातवाने हा चित्रपट माझ्याशेजारी बसून पाहिला. संगणकी डायनोसॉर पाहून सरावलेली ही पिढी. काँगच्या अडखळत्या चालीला तो सुरुवातीला हसलाही. साखळदंडांचे दृश्य आले आणि तो म्हणाला, “आजोबा, त्याला तिथेच का नाही राहू दिलं?” मी विम्याचे, नफ्याचे काही सांगू लागलो. त्याने ऐकले नाही. तो पडद्याकडे पाहत होता. एम्पायर स्टेट इमारतीवरील विमाने आली तेव्हा उठून आत गेला.

त्या मानाने १९२५ चा मूकपट अधिक दयाळू आहे. त्यातही प्राध्यापक चॅलेंजर एक ब्रॉन्टोसॉरस लंडनला आणतात, तोही सुटतो, रस्त्यांवर हाहाकार उडवतो. अखेर तो टॉवर ब्रिजवर चढतो आणि त्याच्या भाराने पूल खचतो. पण त्याला कोणी मारत नाही. तो थेम्स नदीत पडतो, मान वर काढतो आणि समुद्राच्या दिशेने पोहत निघून जातो.