चाहता फक्त सोफ्यावर नसतो



मोठ्या शहरातला फुटबॉलवेडा रात्री जागतो, दिवसा जांभया देतो आणि पोट वाढवतो, असे मागील अंकातल्या लेखकाने ठरवूनच टाकले आहे. चॅम्पियन्स लीगपुरते जागरण खरे. हिवाळ्यात ते सामने आपल्याकडे बहुधा रात्री १.३० ला सुरू होतात. पण प्रीमियर लीगचे शनिवारचे बहुतेक सामने त्याच दिवसांत संध्याकाळी ६ किंवा रात्री ८.३० ला असतात. ते पाहून माणूस वेळेवर झोपतो.

फुटबॉल म्हणजे पैसेवाल्यांचे फॅड, हे तर नागपूरला लागूच नाही. पावसात फुटकी बादली लाथाडणारी पोरे पाहून हिस्लॉप कॉलेजचे क्रीडा प्राध्यापक विजय बारसे यांनी २००१ मध्ये तिथे झोपडपट्टीतल्या मुलांसाठी ‘स्लम सॉकर’ उभे केले.

मूल-सिंदेवाहीकडून नागपूर-पुण्याला गेलेली पोरे ड्युटी संपवून, वर्गणी काढून तासाच्या भाड्याने टर्फ घेतात. खोलीवर बूट झटकले की टर्फचे काळे रबरी दाणे फरशीभर सांडतात. गावात मोकळ्या मैदानावर फुकट खेळलेल्यांना तिथे घाम गाळायलाही पैसे मोजावे लागतात. लेखकाने आळसाला धरले, मैदानांच्या टंचाईला मात्र सोडून दिले.

सामन्यांच्या वेळांची दुरुस्ती पुढच्या अंकात छापावी.

– एक वाचक, मूल (जि. चंद्रपूर)