गोठ्यावरून कच्च्या दुधाची थेट विक्री करणाऱ्यांसाठी स्वतंत्र नियम करण्याबाबत निवेदन

कोल्हापूर, दिनांक 15 जुलै 2024

प्रति,
मा. अन्नसुरक्षा आयुक्त,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य, मुंबई.

मार्फत : मा. सहायक आयुक्त (अन्न), कोल्हापूर.

अर्जदार : कोल्हापूर शहर व करवीर तालुक्यातील गवळी व पशुपालक, स्वतःच्या गोठ्यावर, दूध कट्ट्यावर अथवा घरोघरी रतिबाने म्हशीचे कच्चे दूध विकणारे.

महोदय,

सायंकाळी म्हशी गंगावेशीत आणून बांधाव्यात, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढावी आणि फेसासह ते दूध तेथल्या तेथे पेल्यात ओतून द्यावे, ही या शहराची वहिवाट आम्हां अर्जदारांपैकी कोणाच्याही आठवणीपेक्षा जुनी असून, तालमीतून थेट कट्ट्यावर येणारा पैलवान आणि नातवाचा हात धरून येणारा पेन्शनर हे दोघेही तिचे आश्रयदाते आहेत. याच शहराच्या गल्ल्यांतून, खांद्यापलीकडे पोहोचणाऱ्या लांब शिंगांच्या पंढरपुरी म्हशी गिऱ्हाइकाच्या दारात उभ्या करून त्यांची धार काढण्याचा प्रघातही होता व काही अंशी आजही आहे. हे लिहिण्यात आमचा हेतू जुन्याचे गुणगान करण्याचा नाही. एखादी गोष्ट पूर्वापार चालत आली एवढ्यावरून ती आरोग्यास हितकर ठरत नाही, हे आम्ही जाणतो. मात्र जो व्यवहार उघड्या रस्त्यावर, शेकडो लोकांच्या समक्ष रोज चालतो, तो कायद्याच्या दृष्टीने नेमका कोणत्या सदरात मोडतो हे व्यवहार करणाऱ्याला स्वतःला सांगता येऊ नये, ही स्थिती कोणासही भूषणावह नाही, आणि तिच्याकडे आपले लक्ष वेधावे एवढ्याचसाठी हे निवेदन सादर केले आहे.

अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 याच्या 18 व्या कलमाच्या तिसऱ्या पोटकलमात शेतकरी, शेतीची कामे आणि पशुधन यांना हा कायदा लागू होणार नाही असे म्हटले आहे. आणि तिसऱ्या कलमातील ‘प्राथमिक अन्न’ या संज्ञेची व्याख्या पाहिली तर पशुपालनातून निघालेला माल हा शेतकऱ्याखेरीज अन्य इसमाच्या हाती गेल्यावरच त्या संज्ञेस पात्र होतो. या दोन तरतुदी एकत्र वाचणाऱ्या सरळ बुद्धीच्या माणसाचा असा समज होतो की, आपल्या गोठ्यात आपल्या म्हशीचे दूध आपल्या हाताने विकणाऱ्याला या कायद्याचा संबंध पोहोचत नाही. परंतु 2011 च्या परवाना व नोंदणी विनियमांत सहकारी दूध संस्थेच्या सभासदाला नोंदणीतून जी सूट दिली आहे, ती तो आपले सर्व दूध संस्थेस घालत असेल तरच दिली आहे. याचा अर्थ असा होतो की, सकाळी संस्थेला आठ लिटर घालून शेजारच्या बाळंतिणीसाठी अर्धा लिटर विकत देणारा सभासद त्याच क्षणी सवलतीतून बाहेर पडतो व अन्न व्यावसायिक बनतो. मग 18 वे कलम शेतकऱ्याला जी मुभा देते ती कोणासाठी? आणि ज्या गवळ्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, ज्याच्याकडे सातबारा नसून केवळ चार दावी आहेत, तो या कायद्यापुरता शेतकरी आहे की नाही? या प्रश्नांना ज्याला विचारावे त्याचे निरनिराळे उत्तर मिळते.

दुसरी विसंगती हिशेबाची आहे व ती अधिक खटकणारी आहे. याच विनियमांत, नोंदणीवर भागणाऱ्या लहान व्यावसायिकाची व्याख्या करताना वार्षिक उलाढाल 12 लाख रुपये ही एक मर्यादा आणि दररोज 500 लिटर दूध ही दुसरी मर्यादा एकाच वाक्यात अशा रीतीने गोवली आहे की, दोन्ही पाळावयाच्या की कोणतीही एक पुरे, हे त्या वाक्यावरून उलगडत नाही. म्हशीच्या दुधाचा भाव लिटरला 80 रुपये धरला तर 12 लाखांची मर्यादा दिवसाला अवघ्या एकेचाळीस लिटरला संपते, म्हणजे पाच-सहा दुभत्या म्हशींचा गोठा ती ओलांडतो. उलट 500 लिटरची मर्यादा धरली तर तोच हिशेब वर्षाला 1 कोटी 46 लाखांवर जातो. एकाच माणसाला एका मोजपट्टीने नोंदणी पुरते आणि दुसरीने परवाना घ्यावा लागतो. विनापरवाना धंद्यास शास्तीची तरतूद असता ही संदिग्धता निरुपद्रवी म्हणता येत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. कच्चे दूध निर्धोक असते असा दावा आम्ही करीत नाही. धारोष्ण दुधाच्या शक्तीविषयी तालमीतील मंडळींची श्रद्धा कितीही दृढ असली तरी ती नियमांचा पाया होऊ शकत नाही. सांसर्गिक गर्भपाताचा, म्हणजे ब्रुसेल्लोसिसचा, जंतू आणि जनावरांच्या क्षयाचा जंतू हे निरोगी दिसणाऱ्या म्हशीच्या दुधातूनही माणसात येऊ शकतात, आणि चढउतार करणारा, महिनोन् महिने हटून न जाणारा ब्रुसेल्लोसिसचा ताप गिऱ्हाइकाच्या आधी धार काढणाऱ्यालाच गाठतो, हे आमच्या वर्गाइतके कोणाला ठाऊक असणार? 72 अंशांवर पंधरा सेकंद अथवा 63 अंशांवर अर्धा तास तापवल्याने हे जंतू मरतात, म्हणूनच दूध संघांच्या पाश्चरीकरणाचा आम्हांला आदर आहे.

तथापि ‘कच्चे दूध’ या एका नावाखाली दोन अगदी भिन्न व्यवहार येतात आणि त्यांतील धोकाही भिन्न आहे, याकडे आजवरच्या नियमांनी दुर्लक्ष केले आहे असे आमचे नम्र मत आहे. कट्ट्यावरचे दूध धारेपासून पेल्यापर्यंत काही क्षणांत पोहोचते. त्यात जंतूंची वाढ होण्यास अवधीच नसतो, म्हणून त्याला चार अंशांपर्यंत थंड करण्याची अट लावणे निरर्थक आहे. पण ते न उकळता प्यायले जाते, त्यामुळे तेथील सगळा धोका म्हशीच्या प्रकृतीत, तिच्या कासेच्या व सडांच्या स्वच्छतेत आणि धार काढणाऱ्याच्या हातांत साठलेला असतो. रतिबाच्या दुधाचे नेमके याच्या उलट आहे. ते कासंडीतून किटलीत, किटलीतून मापात आणि मापातून गिऱ्हाइकाच्या पातेल्यात जाईपर्यंत दोन-तीन तास उलटतात, चैत्र-वैशाखात तेवढ्यात ते नासूही शकते. मात्र महाराष्ट्रातील बहुतेक गृहिणी दूध दारात आले की आधी चुलीवर चढवतात, आणि म्हशीच्या प्रकृतीतील उणीव तो उकळा बव्हंशी भरून काढतो. तेव्हा कट्ट्यासाठी नियम जनावराविषयी कडक असावा व रतिबासाठी वेळेविषयी आणि भांड्यांविषयी. दोघांनाही दूध संकलन केंद्राच्या साच्यात बसवू गेल्यास कागद पुरे होतील. रोग तेथेच राहील.

इतर देशांतील उदाहरण देताना आम्हांस संकोच वाटतो, कारण तेथील हवा, तेथील गोठे आणि तेथील शीतगृहे आमच्याकडे नाहीत. तरी एवढे नमूद करतो की, जर्मनीत शेतकऱ्याला स्वतःच्या गोठ्यावरून, त्याच दिवशीचे किंवा आदल्या दिवशीचे कच्चे दूध विकण्याची मुभा असून दूध उकळून प्यावे असा फलक तेथे लावणे बंधनकारक आहे. इंग्लंडात धोक्याची सूचना छापून शेतावरून थेट विक्री करता येते. आणि त्याच राज्यातील स्कॉटलंडमध्ये 1983 पासून ती बंद आहे. एका राजसत्तेखाली दोन निरनिराळी उत्तरे नांदतात, पण प्रत्येक ठिकाणी उत्तर स्पष्ट आहे. आमची मागणीही तेवढ्याच स्पष्टतेची आहे.

म्हणून आमची पहिली विनंती अशी की, 18 व्या कलमातील सूट स्वतःच्या जनावरांचे दूध थेट विकणाऱ्याला मिळते की नाही, भूमिहीन गवळी त्यात येतो की नाही, आणि दूध संस्थेचा सभासद रोज काही मर्यादित लिटर घरी विकूनही आपली सूट राखू शकतो की नाही, याचा लेखी खुलासा मराठीत प्रसृत करावा. उत्तर प्रतिकूल आले तरी आम्ही ते शिरसावंद्य मानू. नोंदणी करावयाची तर वर्षाला शंभर रुपये शुल्क कोणासही जड नाही. जड पडते ती संगणकावरचा अर्ज भरून देणाऱ्याची मजुरी, जी पुष्कळदा शुल्काच्या कितीतरी पट असते. सबब गाववार व पेठवार नोंदणी शिबिरे भरवून जागच्या जागी अर्ज घेण्याची तजवीज व्हावी.

विनियम बदलण्याचा अधिकार दिल्लीतील अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाकडे आहे, हे आम्ही जाणतो. त्याच्याकडे आपण अशी शिफारस करावी की, ‘गोठ्यावरून थेट विक्री’ असा स्वतंत्र वर्ग निर्माण करून त्याची मर्यादा रुपयांत न धरता लिटरांत धरावी. या वर्गात केवळ स्वतःच्या जनावरांचे दूध यावे. बाहेरून खरेदी केलेले एक लिटरही मिसळणारा तत्काळ त्यातून बाद व्हावा. रतिबाचे दूध धार काढल्यापासून तीन तासांच्या आत पोहोचते व्हावे आणि भांडी स्टीलची व झाकणाची असावीत. कट्ट्यावर व गोठ्यावर ठळक मराठीत फलक असावा की, हे दूध कच्चे आहे, ते उकळून पिणे श्रेयस्कर असून गरोदर स्त्रिया, लहान मुले, वृद्ध व आजारी माणसे यांनी न उकळता पिऊ नये. असा फलक लावल्याने धंदा बसेल अशी धास्ती आमच्यातील काहींना वाटते. ती आम्ही आपसांत चर्चून बाजूस सारली आहे; ज्याला पेला हवा आहे तो फलक वाचूनही येईल, आणि ज्याने येऊ नये तो न आलेलाच बरा.

कट्ट्यावर दूध देणाऱ्या प्रत्येक म्हशीची वर्षातून एकदा ब्रुसेल्लोसिस व क्षय यांसाठी तपासणी व्हावी, तिच्या कानातील बिल्ल्याच्या क्रमांकासह दाखला मिळावा, आणि दाखल्याशिवाय कोणतेही जनावर कट्ट्यावर उभे करू नये, असा नियम आम्ही स्वतःहून मागत आहोत. 2019 पासून चालू असलेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना ब्रुसेल्लोसिसची लस देण्याची योजना आहेच. परंतु आज दूध देणारी म्हैस त्या वयाची मर्यादा केव्हाच ओलांडून गेलेली असते, आणि तिच्यासाठी तपासणी हाच एक मार्ग उरतो. ही तपासणी पशुसंवर्धन विभागामार्फत व सरकारी खर्चाने व्हावी. तीत जनावर बाधित ठरल्यास मालकाला वाजवी भरपाई मिळावी, या अटीवर आम्ही विशेष भर देतो, कारण लाख-दीड लाखांची म्हैस एका नमुन्याने मातीमोल होणार असेल तर गवळी ती तपासणीस आणणार नाही, रातोरात बाजारात विकून टाकील, आणि तो रोग कोल्हापुरातून उठून सांगोल्याच्या अथवा चाकणच्या बाजारात जाईल. हे लिहिताना आम्ही आपल्याच लोकांची उणीव उघड करीत आहोत, पण नियम करणाऱ्याला ती ठाऊक असणे इष्ट आहे.

नमुन्यांविषयी एक मागणी आहे. निसर्गतः म्हशीच्या दुधातील स्निग्धांश व इतर घनपदार्थ हे वेतागणिक, ऋतूगणिक आणि वैरणीगणिक बदलतात. सरकी-पेंडीत हात आखडला, की फॅटचा आकडा खाली घसरतो, आणि दूध शुद्ध असूनही प्रमाणापेक्षा कमी म्हणून ‘दुय्यम दर्जाचे’ ठरू शकते, ज्यासाठी 51 व्या कलमान्वये 5 लाखांपर्यंत शास्ती होऊ शकते. म्हणून थेट विक्रीच्या दुधाचा नमुना केवळ स्निग्धांश वा घनपदार्थांत उणा आला, तर त्याच गोठ्यातील त्याच जनावरांची धार पंचांसमक्ष व अन्नसुरक्षा अधिकाऱ्यांच्या उपस्थितीत काढून दुसरा नमुना घ्यावा, व दोन्हींची तुलना झाल्याखेरीज प्रकरण न्यायनिर्णयास पाठवू नये. पाणी घालणारा या तुलनेत ताबडतोब उघडा पडेल. त्याच्याविषयी, तसेच युरिया, धुण्याचे सोडे वा ऑक्सिटोसिनच्या सुया वापरणाऱ्याविषयी आम्ही दयेची याचना करीत नाही. अशा इसमाची नोंदणी कायमची रद्द करावी.

अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने 2018 मध्ये देशभर घेतलेल्या 6,432 दूध नमुन्यांत भेसळीमुळे आरोग्यास अपायकारक असे 12 निघाले, तर अफ्लाटॉक्सिन एम-1 हे विष मर्यादेपेक्षा अधिक असलेले 368. हे विष बुरशी लागलेल्या पेंडीतून व चाऱ्यातून दुधात उतरते आणि ते उकळून जात नाही. तेव्हा भेसळखोर गवळ्याचे जे चित्र वर्तमानपत्रांत नित्य रंगविले जाते त्यापेक्षा पेंडीच्या पोत्यांवर आपले अधिकारी अधिक लक्ष देतील तर थेट विकणारा आणि संघाला घालणारा, दोघांचेही गिऱ्हाईक सुरक्षित होईल. पशुखाद्य उत्पादकांच्या मालाची तपासणी करून तिचे निकाल तालुकावार जाहीर करावेत, अशी आम्ही या निमित्ताने विनंती करतो.

मुंबईने आपल्या तबेल्यांचा प्रश्न 1949 मध्ये आरे येथे वसाहत उभारून व जनावरे शहराबाहेर नेऊन सोडविला, आणि त्या काळी तो योग्यच असेल. परंतु कोल्हापूरच्या कट्ट्याला गावाबाहेर घालविल्यास काय शिल्लक राहील, याचा विचार व्हावा. आमच्या गोठ्यांची केव्हाही पूर्वसूचनेवाचून पाहणी करण्यास आमची हरकत नाही.

वरील खुलाशाचे व शिबिरांचे विषय आपल्या अखत्यारीतील असल्याने त्यांवर साठ दिवसांच्या आत लेखी उत्तर मिळावे, आणि विनियमांतील दुरुस्तीची शिफारस दिल्लीस रवाना झाल्यावर तिची प्रत आम्हांस द्यावी. चर्चेसाठी बोलावणे झाल्यास आमचे पाच प्रतिनिधी सकाळची धार आटोपून, म्हणजे दहानंतर, केव्हाही हजर राहतील.

कळावे,

आपले नम्र,
निवेदनासोबतच्या यादीत सह्या व अंगठे करणारे गवळी व पशुपालक

प्रत माहितीस्तव व उचित कार्यवाहीसाठी :
मा. जिल्हाधिकारी, कोल्हापूर;
मा. जिल्हा पशुसंवर्धन अधिकारी, कोल्हापूर;
मा. आयुक्त, कोल्हापूर महानगरपालिका.